पाचाला पाच

रात्री डेपोत कॅश भरायच्या आधी
मी बॅग टेबलावर उलटी करते.
मार्केट यार्डाच्या फेरीतली नाणी एकमेकांना चिकटलेली,
गुळाचा वास बोटांना लागतो.
गंगावेशीतली दुधाच्या हातांची, बुळबुळीत.
शुक्रवारची देवळाकडची, कडांत कुंकू बसलेलं.

त्यात एखादं वेगळं निघतं.
कुणाची शताब्दी, कुठल्या खात्याची पंचाहत्तर वर्षं,
कुणाचा चष्मा, फेटा, एका बाजूचा गाल.
ते काढून घेते, माझं पाच टाकते.
पाचाला पाच. हिशेब जुळतो.
कॅशियर वाघमोडे विचारतो, "बाई, देवाला वाहायची काय?"
मी म्हणते, व्हय.

रविवारी गुजरीच्या तोंडाशी
दस्तगीरचाचांचं घड्याळाचं दुकान.
भिंग डोळ्यात रुतवून चाचा नाणं हळूहळू कलतं करतात.
उजेड गोल फिरला तर जिवंत,
अडखळला तर हाताळलेलं.
"आधी गालाचं हाड बघ, मग भुवई, मग कानाची पाळी.
माणसागतच झिजतंय, उंचवट्यावरनं."
सालाखाली पत्त्यातली चौकट म्हणजे मुंबई,
चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका नोएडा.
कोलकात्याची खूणच नसते.
काही न सांगणं, हीच तिची खूण.

एकदा चिंच-मीठ लावून
आठ नाणी लखलखीत करून नेली.
चाचा बराच वेळ बोललेच नाहीत.
"आम्ही शिकलगार. आजा तलवारी घासायचा.
तरी मी सांगतोय तुला, नाणं घासू नको.
चकाकी टाकसाळीतनं येते, एकदाच.
आपण देतो ते नुसते ओरखडे."
आठही नाणी त्यांनी मला
समोरच्या गाड्यावर चहात घालवायला लावली.
दोघांनी दोन-दोन कप प्यालो.

आता नव्वद पाकिटं झाली.
चौकोनी पुठ्ठा, मधे पारदर्शक खिडकी, कोपऱ्यात पेन्सिलीनं
जेमतेम. बरं. चांगलं. फार चांगलं.
कोरं मात्र एकच.

जानेवारीतली सकाळ. कळंब्याची गाडी
मिरजकर तिकटीला उभी.
निळ्या गणवेशातली पोरगी, दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली.
खिसे चाचपले, दप्तर चाचपलं, मग कंपासपेटी उघडली.
पेटीत कापूस. कापसात नाणं.
तिनं ते कडेला धरून दिलं मला.
कडेला. चेहऱ्यावर बोट न टेकवता.
म्हणजे कुणीतरी तिला शिकवलं होतं.

मागनं कुणीतरी ओरडलं, "बाई, आटपा की!"
मी हाफ तिकीट दिलं.
पाचाचं तिकीट, पाचाचं नाणं,
कुणाचं कुणाला काही देणं नाही.
फक्त ते बॅगेत टाकलं नाही.
खाकीच्या वरच्या खिशात ठेवलं,
वर बटण लावलं.
कापूस तिनं परत पेटीत ठेवला, घडी करून.

चाचांना एकोणनव्वद दाखवली, हे नाही.
ते कलतं करतील, उजेड न अडखळता फिरेल,
भिंग काढून विचारतील, "कुठनं मिळालं गं हे?"
पाकिटावर सालाला रेघ आहे, टाकसाळीला आहे,
किमतीलाही आहे.
कुणाकडून, ह्याला रेघ नाही.

आजकाल कळंब्याच्या फेरीला ते बरोबर घेते.
तिकटीला निळ्या गणवेशाच्या वीस पोरी चढतात,
पास दाखवतात, माझ्याकडं न बघता.
परवा एकीची रिबीन सुटलेली दिसली.
"कंपासपेटीत कापूस ठेवत होतीस काय गं तू?"
"कसला कापूस?" ती म्हणाली.
बाकीच्या हसल्या.
खिशाच्या बटणावर गेलेला हात
मी तसाच वर नेला,
डबल बेल मारली.